सहा सिलिंडर, दोन बंबखाने

समिती यायची म्हटलं की मोठ्या बंबखान्यात साहेबांच्याही आधी काकूंना कळायचं. समितीला चहा लागायचा, आणि चहा काकूंच्या हातात होता. बावीस वर्षं त्या बंबखान्याचं स्वयंपाकघर चालवत होत्या. मिसरूड न फुटलेली पोरं तिथे भरती झाली, सुटली, टक्कल पडून घरी गेली, पण 'चहा बरा झालाय' असं म्हणायची एकाची टाप झाली नाही. म्हणायचं तर 'फक्कड' म्हणायचं, नाहीतर मुकाट प्यायचं. 'बरा' म्हणणाऱ्याला काकू तिथल्या तिथे विचारायच्या, "का रे, सासूने पाठवलंय का माझा चहा तपासायला?"

साहेब म्हणजे दोन्ही बंबखान्यांचा प्रमुख, काकूंचा थोरला मुलगा. जावईही तिथेच फायरमन. तो म्हणायचा, "घरी बायको, कामावर साहेब म्हणून मेहुणा, आणि स्वयंपाकघरात सासूबाई. आग लागली की तेवढंच मोकळं वाटतं मला." काकू त्याच्यावर उलथणं उगारायच्या आणि त्याच्या ताटात एक पोळी जास्तीची वाढायच्या. इतर कुणी हे बोललं असतं तर त्याला आठवडाभर पाणीदार चहा मिळाला असता.

आता समितीचं सांगते. नगरपालिकेने नेमलेली पाच माणसं. दर तीन महिन्यांनी एक दिवस फिरायचं, पोलीस ठाणं, अँब्युलन्स आणि दोन्ही बंबखाने तपासायचे, आणि छापील फॉर्मावर बरोबरच्या खुणा करायच्या. अध्यक्षबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या अजूनही मोठमोठ्या माणसांना वर्गाबाहेर उभं केल्यासारखं बोलायच्या. दुसरा तो चौकातला औषधवाला, चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधणारा. उरलेले तिघं मान डोलवायला.

नियम असा होता की प्रत्येक बंबखान्यात हवेचे सहा सिलिंडर हवेत. पाठीवर घ्यायची बाटली, तिला नळी, तोंडावर मास्क. त्याच्याशिवाय धुरात शिरलेला माणूस बघता बघता आडवा होतो. मोठा बंबखाना नदीच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. म्हणजे बारा हवेत. आणि चालू सिलिंडर अख्ख्या शहरात होते सहा.

पलीकडचे सहा तीन वर्षांपूर्वीच बाद झाले होते. पडून पडून नळ्यांचं रबर सडलं. ते समितीला दिसलं असतं, तर सडेपर्यंत साहेब काय करत होते, हाही प्रश्न निघाला असता. थोरला घाबरला. तो लहानपणापासून तसाच, फुटलेलं भांडं पाठीमागे धरून उभा राहणारा. त्याने तोड काढली. समिती आधी मोठ्या बंबखान्यात यायची, खुंट्यांवरचे सहा सिलिंडर मोजायची आणि चहाला बसायची. तेवढ्या वेळात मागच्या दाराने तेच सहा सिलिंडर अँब्युलन्समध्ये चढवायचे आणि पलीकडे नेऊन तिथल्या खुंट्यांवर टांगायचे. समिती तिकडे पोचली की पुन्हा सहा. तपासणी उरकली की अँब्युलन्सने ते परत आणायचे.

अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणायचे. गाडीत पेशंट असो नसो, हा भोंगा वाजवल्याशिवाय कोपरा वळायचा नाही. पुलावरचा पोलीसही यात सामील. अँब्युलन्सला निघायला उशीर झाला, तर तो समितीच्या गाडीला कडक सलाम ठोकायचा, थांबवायचा आणि बोंबलत आलेल्या अँब्युलन्सला पुढे काढायचा. अध्यक्षबाई काचेतून बघायच्या आणि म्हणायच्या, "बघा, किती तत्पर आहेत आपली माणसं!" आपलीच तपासणी आपल्याला मागे टाकून पुढे चाललीय, हे त्यांना कुठून कळणार?

"आई, एकदाच," थोरला तेव्हा म्हणाला होता. "वीस मिनिटं अडकवून ठेव त्यांना. पुढच्या खेपेपर्यंत मी नवे मागवतो."

पण फॉर्मावर 'दोन्ही ठिकाणी पूर्ण' असं एकदा लिहिलं गेलं, मग नवे मागवायचे कोणत्या तोंडाने? एकदाचं दोनदा झालं, दोनदाचं बारा वेळा. आणि काकूंना, खोटं कशाला बोला, त्या वीस मिनिटांचा गर्व होता. कधी दूध उतू घालवायच्या, कधी साखरेचा डबा शोधायच्या, कधी अध्यक्षबाईंच्या गुडघ्याची चौकशी काढायच्या. गुडघा निघाला की अर्धा तास कुठे जात नाही. शाळेत चार यत्ता शिकलेली बाई पाच शहाण्यांना खुर्चीत खिळवून ठेवते, याची त्यांना मनातून फार मौज वाटायची.

त्या दिवशीही तसंच झालं. काकू कपबशा मांडत होत्या आणि मागच्या पडवीत जावई सिलिंडर उतरवून भोंग्याच्या हातात देत होता. दाराच्या फटीतून त्याने काकूंना डोळा मारला. काकूंनी भुवया चढवल्या आणि वळून अध्यक्षबाईंना विचारलं, "आता जिने चढता येतात का हो तुम्हाला?"

"कसले येतात!" बाई म्हणाल्या, आणि पुढची पंचवीस मिनिटं गेली.

पलीकडची तपासणी साडेअकराला संपली. भोंगा सिलिंडर घेऊन परत निघाला, आणि वाटेत त्याला फोन आला. एका आजोबांच्या छातीत कळ आली होती. भोंग्याने गाडी वळवली. त्याचं काही चुकलं असं कुणी म्हणू नये, अँब्युलन्स त्यासाठीच असते. आजोबा स्ट्रेचरवर, सहा सिलिंडर स्ट्रेचरखाली, आणि गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला इस्पितळात.

सव्वाबाराला मोठ्या बंबखान्याची घंटा वाजली. बाजारामागे गाद्यांचा कारखाना पेटला होता, आत दोन कामगार अडकले होते.

माणसं धावली. जावई सामानाच्या खोलीत शिरला आणि तसाच बाहेर आला. स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "आई, एक मोठं फडकं द्या. ओलं करून."

काकूंनी दोरीवरचं धुतलेलं फडकं ओढलं, बादलीत बुचकळलं, पिळलं आणि त्याच्या हातात दिलं. "स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "परत आण."

तो हसला की नाही, ते त्यांना पुढे कितीही आठवून आठवलं नाही.

पहिल्या कामगाराला त्याने खांद्यावर टाकून बाहेर आणलं. दुसऱ्यासाठी आत गेला. मग बंबाचं पाणी आत गेलं, धूर बाहेर आला, आणि बऱ्याच वेळाने त्या दोघांना बाहेर आणलं. गादीच्या स्पंजाचा धूर ओल्या फडक्याला थोडाच विचारतो.

दुपारी भोंगा परतला. सिलिंडर खुंट्यांवर गेले, सहाच्या सहा, भरलेले, पुसलेले.

*

महिन्याभराने थोरला स्वयंपाकघरात आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. काकू भांडी विसळत होत्या.

"उद्या नगरपालिकेत समिती बसणार आहे," तो म्हणाला. "चौकशीचा अहवाल मंजूर करायला. तू येऊ नकोस."

"का? मला काय शिंगं फुटलीत?"

"त्यात एक ओळ आहे."

"वाच."

"आई..."

"वाच म्हणते ना. मला असले सरकारी कागद कळत नाहीत म्हणून तर तुला शिकवलं."

त्याने खिशातून घडी काढली. "'सहा सिलिंडर जागेवर उपलब्ध असूनही सदर कर्मचाऱ्याने मास्क न लावता प्रवेश केला. मृत्यू कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.'"

काकूंनी हातातलं पातेलं पाण्यात सोडलं. "कुणाच्या निष्काळजीपणामुळे?"

"कागदाची भाषा असते ती."

"कागदाला मी ओळखत नाही. तुला ओळखते. तुझ्यासमोर वाचली ना त्यांनी ही ओळ? तू काय केलंस? मान डोलावलीस?"

थोरला कागदाची घडी घालू लागला.

"तुझी भाची काल शाळेतून आली," काकू म्हणाल्या. "सहा वर्षांची पोर. म्हणते, आजी, बाबा मास्क घालायला विसरले का गं? वर्गातली पोरं म्हणतात. काय सांगू तिला? तुझ्या मामाला विचार म्हणू?"

"मी तोंड उघडलं तर मी जाईन, भोंगा जाईल, तो पुलावरचा जाईल. त्याला चार लेकरं आहेत. आणि एवढं करून जावई परत येणार आहे का?"

"तो येणार नाही म्हणून त्याच्यावर चिखल टाकायचा? मेलेला माणूस उठून बोलत नाही, म्हणून?"

"आणि तू?" थोरल्याचा आवाज चढला. "तू सुटशील? वीस मिनिटं कुणी अडकवलं त्यांना? तुझ्या चहाने!"

थोरला घडी खिशात घालून निघून गेला. पातेलं पाण्यात तिरकं होऊन बुडालं, ते काकूंनी बराच वेळ काढलं नाही.

*

नगरपालिकेचं सभागृह वरच्या मजल्यावर. लांब टेबल, वर निळं कापड, त्यावर कुणी कुणी पेनाने गिरगटलेलं. पंखा फिरत होता, पण वारा भलतीकडेच जात होता. समितीचे पाचही जण बसले होते, कोपऱ्यात कारकून. भिंतीशी थोरला, भोंगा आणि पलीकडच्या बंबखान्याची दोन माणसं. सगळ्यात मागे काकूंची लेक, जावयाची बायको. ती कधी येऊन बसली, काकूंना कळलंच नाही. महिनाभर ती आईशी कामापुरतंच बोलत होती.

अध्यक्षबाईंनी अहवाल वाचला. त्या ओळीवर आवाज जरा खाली आणला, तेवढी माणुसकी त्यांच्यात होती. मग म्हणाल्या, "कुणाला काही सांगायचंय?"

हे असं विचारायचं असतं म्हणून विचारतात. काकू उठल्या.

"मला सांगायचंय. त्या दिवशी खुंटीवर सिलिंडर नव्हते."

सभागृहात चुळबूळ झाली. थोरल्याने डोळे मिटले.

"काकू," अध्यक्षबाई समजुतीने म्हणाल्या, "आम्ही स्वतः मोजलेत. त्याच सकाळी. इथे सहा आणि पलीकडे सहा. आम्ही काय आंधळे आहोत का?"

"आंधळे नाही हो बाई. तेच सहा दोनदा मोजलेत तुम्ही. तीन वर्षं मोजताय. तुम्ही माझा चहा पीत होता, तेव्हा ते मागच्या दाराने अँब्युलन्समधून पलीकडे जात होते. त्या दिवशी ते वेळेवर परत आले नाहीत. माझा जावई रिकाम्या खुंट्या बघून माझ्याकडे ओलं फडकं मागायला आला. खुंटीवर सिलिंडर असताना कुणी सासूकडे फडकं मागेल का?"

मान डोलावणाऱ्या तिघांच्या माना जिथल्या तिथे राहिल्या. औषधवाल्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"हे तुम्हाला माहीत होतं?" त्याने विचारलं.

इथे 'नाही' म्हणता आलं असतं. मी काय, चुलीपाशी असते, मला काय ठाऊक, एवढं पुरलं असतं. काकूंच्या जिभेवर ते आलंसुद्धा.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मुद्दाम वेळ काढायचे मी. बाईंचा गुडघा विचारायचे. माझं नाव आधी लिहा, मग बाकीच्यांची."

अध्यक्षबाईंचा चेहरा उतरला. सिलिंडरांपेक्षा गुडघ्याचं त्यांना जास्त लागलं असावं. त्या थोरल्याकडे वळल्या. "साहेब, आई म्हणतात ते खरं आहे?"

थोरला उभा राहिला. टेबलावरच्या निळ्या कापडाकडे बघून म्हणाला, "आई महिनाभर नीट झोपलेली नाही."

"झोपले नाही, ते खरं," काकू म्हणाल्या. "आता पुढचं बोल."

तो बसला. नऊ महिने पोटात वागवलेला मुलगा चार शब्दांत आईला वेडी ठरवून बसला, आणि काकूंना त्याचा राग यायच्या ऐवजी कीव आली. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे.

औषधवाल्याने भोंग्याला विचारलं, "गाडीत त्या दुपारी काय होतं?"

"छातीत दुखणारे एक आजोबा, साहेब."

"आणि स्ट्रेचरखाली?"

भोंग्याने थोरल्याकडे बघितलं. "मी खाली बघत नाही, साहेब. समोर बघून गाडी चालवतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं.

"सिलिंडरवर नंबर असतील ना?" औषधवाला कारकुनाला म्हणाला. "त्या दिवशीच्या फॉर्मावरचे दोन्हीकडचे नंबर काढा. सारखे आहेत की वेगळे, लगेच कळेल."

कारकुनाने फॉर्म वर-खाली पाहिला. "नंबरचा रकाना नाहीये साहेब. फक्त संख्या. सहा आणि सहा."

"तीन वर्षांत आपल्याला सुचलंच नाही?"

"सुचायचं काम माझं नाही, साहेब."

अध्यक्षबाईंनी कागद एकावर एक रचून सरळ केले. "काकू, तुमचं दुःख आम्हाला समजतं. पण घरच्या माणसाच्या सांगण्यावर चौकशी फिरवता येत नाही. कागद आपल्यासमोर आहे, त्यावर पाच सह्या आहेत. दहा मिनिटं थांबू, चहा घेऊ आणि मग मंजुरीला घेऊ."

*

जिन्याच्या खालच्या पायरीवर काकू बसल्या. बावीस वर्षं दुसऱ्यांना चहा पाजलेली बाई, तिला 'चहा घ्या' म्हणायला कुणी आलं नाही.

लेक आली आणि दोन पायऱ्या वर बसली.

"एक गोष्ट तू सांगितली नाहीस," ती म्हणाली.

"कोणती?"

"खुंटीवरून सिलिंडर कोण उतरवायचं, ती."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. "कशी सांगू? त्याच्यावरचा एक डाग पुसायला गेले आणि दुसरा लावून आले, असं झालं असतं. तुला मी काय तोंड दाखवलं असतं?"

"मला माहीत होतं."

"काय?"

"सगळं. पहिल्या खेपेपासून. घरी येऊन सांगायचा, आज आमचे सिलिंडर नदीपलीकडे हवापालट करून आले. अध्यक्षबाईंची नक्कल करायचा. गुडघा धरून घरभर लंगडायचा, आणि तू कशी त्यांना घोळात घेतेस तेही करून दाखवायचा." लेकीचा आवाज कोरडा होता. "मी हसायचे, आई. पोट धरून हसायचे. महिनाभर मनात तुला शिव्या घालतेय, दादाला घालतेय. पण कधीतरी म्हणाले का मी त्याला, की अरे, त्या वेळात आग लागली तर? नाही म्हणाले. मला पण मौजच वाटायची."

जिन्यावरून एक शिपाई कपांचा ट्रे घेऊन वर गेला. दोघी पाय आखडून बसल्या.

काकू म्हणाल्या, "माझ्या बोलण्याचं काय झालं, बघितलंस. म्हातारीला झोप नाही, म्हणून मोकळे झाले. तुलाही तेच म्हणतील. बाई बोलली की तिचं डोकं फिरलं, एवढं एकच औषध आहे त्यांच्याकडे."

"म्हणू देत. दोघींची डोकी एकदम कशी फिरली, ते तरी सांगावं लागेल." लेक उठली. "आणि तू सासू आहेस, जावयाची बाजू घेणारच. मी तर त्याच्या विरुद्ध बोलणार आहे. तो यात होता, हे मीच सांगणार. ते कोण खोटं म्हणेल?"

"पोरीला काय सांगशील?"

"सांगीन, विसरला नव्हता. मास्क नव्हते, आणि का नव्हते ते त्याला माहीत होतं, आणि तरी आत गेला." ती दोन पायऱ्या चढली आणि वळली. "दोनदा गेला."

वर कपबशा अजून टेबलावरच होत्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बसा, आता मंजुरीला..." आणि थांबल्या, कारण लेक बसली नव्हती. ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली होती, आणि काकू तिच्या शेजारी.

"तपासणीच्या दिवशी सिलिंडर उतरवून अँब्युलन्समध्ये चढवायचं काम माझ्या नवऱ्याचं होतं," ती म्हणाली. "दर वेळी त्याने घरी येऊन मला सांगितलंय. मला प्रत्येक खेप आठवतेय. लिहून घ्या."

कारकुनाने अध्यक्षबाईंकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी कपाकडे पाहिलं. मग औषधवाल्याने कारकुनापुढचा कोरा कागद स्वतःकडे ओढला. "पहिल्यापासून सांगा," तो म्हणाला. "सावकाश. आणि माझी अहवालावरची सही मी तूर्त मागे घेतोय, तेही लिहितो."

"असं एकट्याने ठरवता येत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"माझी सही एकट्याचीच होती, बाई."

भिंतीशी खुर्ची सरकली. थोरला उठला होता. क्षणभर वाटलं, हा आता बोलतो. त्याने तोंड उघडलंही. मग टोपी उचलली, भोंग्याच्या गुडघ्यांना वळसा घालून दारापर्यंत गेला, आणि जिना उतरताना त्याच्या बुटांचा आवाज ऐकू येत राहिला. एक मजला, मग पायऱ्यांचं वळण, मग काहीच नाही. आज रात्री तो जेवायला येणार नाही. उद्याही नाही. ते काकूंना कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी वळून पाहिलं नाही. लेक पहिल्या खेपेची तारीख सांगत होती, आणि ती चुकली तर सांगायला शेजारी कुणीतरी हवं होतं.